दगडातल्या बुरशीला मोटिव्हेशनल स्पीकर करू नका

परवा रात्री साडेअकराला आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक रील येऊन पडली. अंटार्क्टिकातला एक फुटका दगड, मागे अंगावर येणारं म्युझिक, आणि वर मोठी अक्षरं: ही बुरशी गोठवणाऱ्या थंडीत जगते, पाण्याशिवाय जगते, अंतराळातही जगली. मग तुमची तक्रार काय आहे? पाठवणारे आमचे साहेब. त्याच दुपारी दोघांनी वाढत्या कामाच्या तासांबद्दल कुरकूर केली होती. रीलखाली अकरा अंगठे उमटले. त्यातला एक माझा.

तो अंगठा मागे घ्यायला हा लेख.

रीलमधली माहिती तशी खोटी नाही. खोटा आहे तो तिच्यातून काढलेला अर्थ. आणि तो खोटा का, हे समजायला त्या दगडाच्या आत जावं लागतं.

अंटार्क्टिकात मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज नावाचा भाग आहे. नावाप्रमाणेच कोरडा. वर्षाचं सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास, आणि जो थोडाफार बर्फ पडतो त्यातला बराचसा वितळण्याआधीच हवेत विरून जातो. १९०३ साली रॉबर्ट स्कॉट इथे पोचले. त्यांना एकही सजीव दिसला नाही, साधं शेवाळही नाही. मृतांची दरी, अशी त्यांनी नोंद केली. पुढची सत्तरेक वर्षं जग साधारण तेच समजून होतं.

डिसेंबर १९७३ मध्ये वुल्फ व्हिश्नियॅक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तिथेच काम करताना उतारावरून कोसळून गेले. त्यांनी जमवलेले दगड त्यांच्या पत्नीने इम्रे फ्रीडमन यांच्याकडे पाठवले. १९७६ मध्ये फ्रीडमन आणि रोसेली ओकाम्पो यांनी ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की ड्राय व्हॅलीजमधल्या दगडांच्या आत निळी-हिरवी शैवालं आहेत. १९८२ मध्ये फ्रीडमन यांनी बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र वसाहतींचं वर्णन केलं. सगळे जण दगडावर जीव शोधत होते. तो दगडात होता.

तो वालुकाश्म फोडला की आत बर्फीसारखे थर दिसतात. वर दगडाचं पातळ कवच. त्याखाली काळा पट्टा: इथल्या बुरशीत मेलॅनिन असतं, ते अतिनील किरणांपासून राखतं. मग पांढरा पट्टा: वाळूच्या कणांमधून पसरलेले बुरशीचे धागे. आणि खाली हिरवा पट्टा: दगडातून झिरपलेल्या उजेडावर अन्न तयार करणारं शैवाल. हा सगळा संसार जेमतेम सेंटीमीटरभर खोलीत.

म्हणजे पहिली गोष्ट: रीलमधली ‘एकटी लढणारी’ बुरशी मुळात एकटी नाहीच. घरातल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडतं, तेही बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र कुटुंबच. इथेही जवळपास तीच व्यवस्था आहे. हिरवा थर काढून टाका, मग काळ्या थराची जिद्द कुठवर पुरते ते बघू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही बुरशी वर्षभर ‘लढत’ नाही. ती वर्षातला बहुतेक काळ थांबलेली असते. उन्हाळ्यात सूर्य दगडावर पडतो, दगड हवेपेक्षा बराच गरम होतो, वरचा बर्फ वितळून थोडं पाणी आत मुरतं, तेव्हा ही वसाहत जागी होते. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी असे तास काहीशेच. म्हणूनच तिची वाढ इतकी संथ की तिच्यातला कार्बन एकदा पूर्ण बदलायला हजारो वर्षं लागतात, असा अंदाज आहे. साहेब, तुमचा आदर्श कर्मचारी वर्षातून काहीशे तास काम करतो.

आणि अंतराळ? ‘क्रायोमायसिस अंटार्क्टिकस’ ही बुरशी २००८-०९ मध्ये दीड वर्ष आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर ठेवली होती, हे खरं. तिच्यातल्या काही पेशी परतल्यावर पुन्हा वाढल्या, हेही खरं. पण तिथे ती वाळवलेली होती, निद्रिस्त होती. खाणं नाही, वाढ नाही, पुढची पिढी नाही. याला टिकणं म्हणतात. जगणं वेगळं. प्रयोगशाळेत हीच बुरशी १५ अंशांच्या आसपास बरी वाढते. थंडी तिला आवडते म्हणून ती तिथे राहत नाही. थंडीतही तिला थोडी ऊब मिळते, म्हणून राहते.

ती ऊब, ते पाणी मिळालं नाही की काय होतं? तेही त्याच दगडांत लिहिलेलं आहे. ही वसाहत वालुकाश्मातलं लोह हलवते, दगडाचा रंग बदलते. काही ठिकाणी असे रंगाचे पट्टे सापडतात, पण आत जिवंत कोणीच नसतं. परिस्थिती थोडी आणखी बिघडली आणि वसाहत मेली. त्या दगडांवर कोणी रील करत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं, थोडी प्रेरणा घेतली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं: एखाद्याला ‘चिवट’ म्हटलं की त्याची काळजी घेण्याची जबाबदारी संपते. कौतुकाची शाल पांघरली की खाली काय चाललंय ते बघावं लागत नाही.

ज्यांनी ही बुरशी खरोखर अभ्यासली, त्यांनी मात्र हा निष्कर्ष काढला नाही. या वसाहतींनी समृद्ध असलेल्या लिनेयस टेरेसला १९८५ मध्येच संरक्षण मिळालं. आज तिथे परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही, कारण तो ठिसूळ दगड बुटाखालीही तुटतो. अंटार्क्टिकात खाणकामावर बंदी आहे. आपल्या मोहिमा गोव्यातल्या वास्कोहून चालतात, आणि भारतानेही २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठी कायदा केला. अवकाशात टिकून आलेल्या जिवाच्या घराला माणसाच्या पावलांपासून जपावं लागतं. ‘एवढं सोसलं, आणखी सोसेल’ असं तिथे कोणी म्हणत नाही.

मीही बुरशीकडून धडाच काढतोय, हे मान्य. पण काढायचाच तर पूर्ण दगडावरून काढू. तो दगड सांगतो की कणखर जिवालाही ऊब लागते, पाणी लागतं, शेजारी लागतो, आणि बराच वेळ नुसतं पडून राहावं लागतं.

काल ग्रुपवर मी त्या रीलखाली एवढंच लिहिलं: सर, ती वर्षातले बहुतेक तास झोपते. अजून कोणी अंगठा दिलेला नाही. दोघांनी मात्र खासगीत हसण्याचे इमोजी पाठवलेत.