चाल कोणाची?

मागल्या गणेशोत्सवात परभणीतल्या एका नाट्यगीतांच्या कार्यक्रमात निवेदकाने 'कुलवधू' नाटकातील एका सुप्रसिद्ध पदाची प्रस्तावना करताना, ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यावरील उत्कट अनुरागापोटी त्यांचे पती केशवराव यांनी ही चाल कशी बांधली असेल याचे असे काही रसभरित वर्णन केले, की श्रोते गहिवरले आणि पद सुरू होण्यापूर्वीच टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध पेशकार तेवढे पुटपुटले, "अहो, ती चाल मास्तर कृष्णरावांची!" त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, परंतु दप्तरी नोंद नसलेला दावा खारीज करण्याची निजामी अमदानीपासूनची आमच्या जिल्ह्याची सवय असल्यामुळे, त्यांच्या त्या तक्रारीची दाद कोणी घेतली नाही.

विख्यात गायिका आणि धडपडणारा संगीतकार यांची प्रीती हा विषयच असा मोहक आहे, की त्यापुढे वस्तुस्थिती फिकी वाटू लागते. मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात १८४२ साली 'नाबुक्को' ह्या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा पत्नी व दोन्ही अपत्ये गमावून बसलेल्या आणि मागल्याच संगीतिकेच्या अपयशाने खचलेल्या ज्युसेप्पे व्हेर्दीच्या त्या कृतीत प्रमुख स्त्रीभूमिका गायिली ती ज्युसेप्पिना स्ट्रेप्पोनी ह्या नामांकित गायिकेने. पुढे दोघांनी एकत्र राहून लोकापवाद सोसला आणि १८५९ साली विवाह केला. आज व्हेर्दीचे नाव जगाच्या तोंडी आहे, स्ट्रेप्पोनीचे अभ्यासकांच्या टिपणांत. आपल्याकडे पारडे उलट झुकले. ज्योत्स्नाबाईंच्या नावाचे सभागृह पुण्यात उभे आहे. केशवराव म्हटले की मात्र आमच्याकडच्या सुशिक्षितालाही आधी केशवराव भोसले आठवतात, मग केशवराव दाते, आणि भोळे आठवलेच तर ते केवळ 'ज्योत्स्नाबाईंचे यजमान' म्हणून.

ह्या यजमानांचा जन्म १८९६ चा, अमरावतीचा. म्हणजे कागदोपत्री निजामाच्या परंतु अमलाने इंग्रजांच्या अशा त्या वऱ्हाडातला, ज्याची शीव आमच्या जिल्ह्याला उत्तरेकडून लागलेली आहे. वैद्यकीचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांनी गाण्याची वाट धरली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे आमच्या गावाविषयी जे उपहासाने म्हटले जाते, त्यातला पहिला अर्धा भाग खरा होण्याची शाश्वती नसलेल्या माणसाची ती उडी होती. 'एकलव्य' ह्या टोपणनावाने त्यांनी संगीतावर टीकालेखही लिहिले. ज्याचा अंगठा गेला आणि नाव तेवढे उरले, अशा शिष्याचे नाव त्यांनी घ्यावे आणि पुढे त्यांचे स्वतःचे नावच लोकांनी विसरावे, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

१९३२ साली त्यांचा विवाह गोव्यातील बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर, म्हणजे पुढल्या ज्योत्स्नाबाई, यांच्याशी झाला, त्या वेळी वधू अठरा वर्षांची आणि वर छत्तीस वर्षांचा होता. दुसऱ्याच वर्षी, १९३३ साली, 'नाट्यमन्वंतर' ह्या मंडळीने श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्ना भोळे हे नाव महाराष्ट्राला प्रथम ठाऊक झाले. केशवरावांचे ऋण मोजायचे असेल, तर ते येथे मोजावे. एकेक पद घटकाघटका आळवण्याच्या, 'वन्समोअर'च्या गजरात कथानक खोळंबून ठेवण्याच्या त्या काळात, ह्या नाटकाला संगीत देताना त्यांनी पदांची संख्या आटोक्यात ठेवली, गाणे पात्राच्या बोलण्यातून उमलून आल्यासारखे आटोपशीर केले आणि प्रसंगाच्या पाठीमागे पार्श्वसंगीताची योजना केली. पत्नीच्या गळ्याचे प्रदर्शन मांडण्याची संधी हाती असताना तो गळा नाटकाच्या स्वाधीन करणाऱ्या संगीतकाराची ही वृत्ती, मला तरी, कोणत्याही प्रणयकथेहून अधिक हृद्य वाटते.

'नाट्यमन्वंतर' फार काळ टिकले नाही. ज्योत्स्नाबाई कीर्तीच्या शिखरावर पोहोचल्या त्या १९४२ सालच्या रांगणेकरांच्या 'कुलवधू'मधील भानुमतीच्या भूमिकेने, आणि त्या नाटकाचे संगीत मास्तर कृष्णरावांचे होते. आमच्या निवेदकाला हे रुचणार नाही, कारण प्रेमकथेत तिसऱ्या माणसाच्या चालीला जागा नसते. परंतु त्याने केशवरावांना जे त्यांचे नव्हते ते बहाल केले, मास्तरांचे हिरावून घेतले, आणि केशवरावांचे जे स्वतःचे आहे ते गुलदस्त्यातच ठेवले.

ते स्वतःचे थोडेथोडके नाही. प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) ह्या, पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरविल्या गेलेल्या बोलपटाचे संगीत त्यांचे. 'कुंकू' (१९३७) मध्ये तर प्रसंगातील सहज ध्वनींनाच त्यांनी पार्श्वसंगीताचे काम दिले. 'संत तुकारामा'साठी शांताराम आठवले यांनी रचलेला आणि केशवरावांनी चाल लावलेला एक अभंग लोकांना इतका अस्सल वाटला, की जाणकारही तो गाथेत शोधू लागले. गंगाखेडास गोदेच्या घाटावर एका कीर्तनात मी तो ऐकला आहे. बुवांनी तो निःशंकपणे तुकोबांच्या नावावर घातला, आणि श्रोत्यांत बसलेल्या मलाही त्या क्षणी हरकत घ्यावीशी वाटली नाही.

असे का होते, याचे एक कारण आपल्या नाटकांच्या छापील पुस्तकांतच सापडते. 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून जे लिहिलेले असे, ते एखाद्या जुन्या पदाचे, चिजेचे वा लावणीचे नाव असे, माणसाचे नव्हे. चाल ही उसनी घ्यायची वस्तू, आणि गाणे गाणाऱ्याचे, अशी आपली समजूत तेथून मुरली. १९११ साली 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्यावर चाल बांधणारा हा एक स्वतंत्र असामी आहे हे लोकांच्या ध्यानात येऊ लागले खरे, पण ती जाणीव रसिकांच्या अंगवळणी पुरती पडलीच नाही. पाश्चात्त्य संगीतकाराचे काम कागदावर स्वरलिपीत बद्ध राहते. आपल्या संगीतकाराचे काम गळ्यागळ्यांतून जाते, आणि गळा ज्याचा त्याचेच नाव त्यावर चढते.

काव्याच्या बाबतीत मात्र आपले संत चोख होते. ज्या गंगाखेडात मी तो अभंग ऐकला, तेच जनाबाईचे गाव. आपल्या नाममुद्रेत तिने स्वतःच्या नावाआधी नामदेवांचे नाव घातले आणि तरीही तिचे नाव बुडाले नाही. एका ओळीत दोन नावे मावतात, हे सातशे वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या दासीला ठाऊक होते.

म्हणून येत्या गणेशोत्सवात परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, जेथे जेथे नाट्यपदे गायिली जातील तेथल्या निवेदकांना माझी विनंती आहे, की प्रेमकथा वाटल्यास थोडी आखडती घ्यावी, परंतु प्रत्येक पदापूर्वी गाणाऱ्याचे, कवीचे आणि चाल बांधणाऱ्याचे अशी तीन नावे घ्यावीत. आणि 'कुलवधू'च्या पदांपूर्वी मास्तर कृष्णरावांचे.