गाणे फुकटात मिळते, पण ते असते कोणाचे?

अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या गांधी रोडपर्यंत, दहा-बारा वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसायची : 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील'. बाजाराला आलेला खेड्यातला माणूस वीस-पंचवीस रुपये टाकायचा आणि शेकडो गाणी खिशात घालून एसटीत बसायचा. त्यात लता असे, भीमगीते असत, गजानन महाराजांची आरती असे आणि त्या वर्षीचा धांगडधिंगाही असे. पुढे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि त्या पाट्या उतरल्या. गाणी फुकटात उतरवून घेण्याची सवय मात्र दुकानातून उठून आपल्या बैठकीत येऊन बसली. यूट्यूबवरचे गाणे दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावर टाकून त्याची फाईल करायची, टेलिग्रामवरून अख्खा संच घ्यायचा, नाहीतर टोरेंट लावून झोपी जायचे. कोणी हटकलेच तर आपल्याकडचे उत्तर ठरलेले : ''फुकटात भेटून राह्यलं त पैसे कायले द्याचे?''

प्रश्न रोकडा आहे. त्याचे उत्तरही रोकडेच द्यायला हवे.

आधी भीतीचे बोलू. २०१६ साली बंद केलेली संकेतस्थळे उघडू पाहणाऱ्यांच्या पडद्यावर एक इशारा झळकू लागला. तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकेल, अशी त्याची भाषा होती. नुसते पान उघडले म्हणून तुरुंग? घरोघरी घबराट झाली. त्याच वर्षी 'ढिशूम' चित्रपटाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या इशाऱ्याला चाप लावला. पाहणे हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वाटणे, जाहीर दाखवणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा गुन्हा, असा त्यांच्या आदेशाचा आशय होता. ऐकणारा आणि वाटणारा यांच्यातली ही रेघ वाचकांनी नीट लक्षात ठेवावी.

कारण वाटणाऱ्यासाठी कायदा खरोखरच कडक आहे. कॉपीराइटचा आपला कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पैसा कमावण्याचा हेतू नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. मेमरी कार्ड भरून देणारा तो दुकानदार या कलमात थेट बसत होता. तीन-चार लाखांच्या भांडवलावर उभा असलेला माणूस वीस रुपयांच्या धंद्यासाठी केवढी जोखीम घेत होता, हे त्याच्या गावीही नसे.

खासगी वापरासाठी केलेल्या वाजवी वापराला कायद्याने सूट दिली आहे, हे खरे. पण चोरवाटेने आलेली प्रत 'वाजवी' ठरेल, असे गृहीत धरू नये. आणि टोरेंटचा तर सगळा मामलाच वेगळा. टोरेंटने गाणे घेताना तुमचा संगणक त्याच गाण्याचे तुकडे इतरांना देतही असतो. तुम्ही गाढ झोपलेले असता आणि तुमच्या घरून वाटप चालू असते! जर्मनीत शिकायला गेलेल्या भारतीय मुलांना वकिलांच्या शेकडो युरोंच्या मागणीच्या नोटिसा येतात, त्या याच पायी. अमेरिकेत मिनेसोटाच्या एका बाईंना अवघ्या चोवीस गाण्यांच्या वाटपापायी २,२२,००० डॉलर भरण्याचा निकाल सोसावा लागला. २०१२ साली अपिलातही ती रक्कम कायम राहिली. ज्यांची लेकरे परदेशी आहेत, त्यांनी ही गोष्ट फोनवर सांगून ठेवावी.

''पण आम्ही जुनीच गाणी ऐकतो,'' असे म्हणणारेही भेटतात. जुने म्हणजे किती जुने? गाणे ही एक वस्तू दिसते, पण तिच्यात तीन मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. आपल्याकडे वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर जशी अनेक नावे निघतात, तसेच हे. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो; ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे. दोन्हींची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून.

आपल्याच मातीतली उदाहरणे घ्या. सुरेश भट अमरावतीचे. ते २००३ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत आहे. १९७९ च्या 'सिंहासन' चित्रपटात त्यांचे गीत आहे. ते मुद्रण त्याच साली प्रसिद्ध झाले असे धरले, तर त्याचा हक्क २०३९ अखेर संपेल आणि शब्दांचा आणखी चोवीस वर्षे उरेल. मोझरीच्या गुरुकुंजाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्यांची भजने २०२८ संपेपर्यंत या कायद्याखाली आहेत. उलट शेगावच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे कर्ते दासगणू महाराज १९६२ साली गेले, त्यामुळे त्या ओव्या १ जानेवारी २०२३ पासून सर्वांच्या झाल्या. पण म्हणून कोणा गायकाने अलीकडे गायिलेले पारायण सर्वांचे होत नाही. त्या मुद्रणाची साठ वर्षे वेगळी. स्वतः पारायण करून, स्वतः मुद्रित करून खुशाल पाठवा. कोणी अडवणार नाही.

फुकटेपणा आजचा नाही, हे तरुणांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९८३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची कर्ज योजना आली, पंचवीस हजारांपर्यंतची. बँकेतल्या माझ्या टेबलावर कॅसेट रेकॉर्डिंगच्या दुकानांचे अर्ज येत : दोन डेक, एक अॅम्प्लिफायर, इतक्या कोऱ्या कॅसेटी. गिऱ्हाईक यादी घेऊन येई, दुकानदार नव्वद मिनिटांत बसतील तेवढी गाणी भरून देई. अर्जाच्या छापील नमुन्यात कच्च्या मालाचा रकाना होता; तिथे कोऱ्या कॅसेटींची किंमत लिहिलेली असे. गाणी हा कच्चा माल आहे आणि तोही कोणाकडून तरी विकत घ्यावा लागतो, हे त्या नमुन्यात कुठेच बसत नव्हते. कायदा तेव्हाही १९५७ चाच होता.

त्या न लिहिलेल्या रकान्यात कोण होते? आपलेच लोक होते. आपल्या वऱ्हाडाने मराठीला सुरेश भट दिले, अकोल्याचे विठ्ठल वाघ दिले, मोर्शीकडचे गझलगायक भीमराव पांचाळे दिले. शहरी कंपनी बुडते की तरते याची चिंता मला फारशी वाटत नाही. तिच्याकडे वकील असतात. गीतकाराकडे मात्र बहुधा एका ओळीची पावती असते : 'एकरकमी मानधन मिळाले.' २०१२ च्या दुरुस्तीने यात मोठा बदल केला. चित्रपटात गेलेले गाणे चित्रपटगृहाबाहेर कोठेही वापरले गेले, तर त्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांना निम्मा वाटा, आणि हा वाटा त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तो जातो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी बाजू लावून धरली. गाणे अधिकृत ठिकाणी ऐकले गेले तरच त्याची मोजणी होते, आणि मोजणी झाली तरच वाटा निघतो. टेलिग्रामवरची फाईल कोणाच्याच खातेवहीत येत नाही.

फुकट फाईलचा दुसरा धोका माझ्या जुन्या खात्यातला आहे. गाणे उतरवण्याच्या नावाखाली पुष्कळदा भलतेच ॲप उतरते. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडली आणि खाते रिकामे झाले, अशा फसवणुकीचे इशारे पोलिसांनी वारंवार दिले आहेत. गाण्याच्या नावाने आलेली फाईल त्याहून सोवळी नसते. शेवट 'एपीके' असेल तर ते गाणे नव्हेच. हात लावू नये. लागलाच, तर १९३० या क्रमांकावर आणि बँकेला त्याच तासात कळवावे.

मग ऐकायचे कसे? यूट्यूब, जिओसावन, स्पॉटिफाय यांवर जाहिराती सोसल्या तर फुकट ऐकता येते आणि तो हिशेब हक्कदारापर्यंत जातो. वर्गणी भरली तर गाणे ॲपमध्ये उतरवून ठेवता येते. मात्र ते तुमच्या मालकीचे होत नाही. वर्गणी थांबली की गाणेही गेले. मुलाबाळांच्या लग्नाची चित्रफीत चित्रपटगीत लावून यूट्यूबवर टाकाल, तर आवाज बंद होणे किंवा जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळणे, एवढ्यावर बहुधा भागते. नव्वद दिवसांत तीन तक्रारी कायम झाल्या तर मात्र चॅनेलच बंद होते. वऱ्हाडी बोलीत विनोद करून पोट भरणाऱ्या आमच्या पोरांनी हे विसरू नये. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना कायद्याने सूट आहे, त्यामुळे बँडवाल्याची काळजी नको.

राहता राहिले ज्यांच्या घरात एखादा कवी, शाहीर, कीर्तनकार होऊन गेला ते. त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत जुनी ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहावी. आकाशवाणीची करारपत्रे, कॅसेट कंपनीची पत्रे, मानधनाच्या पावत्या बाजूला काढाव्यात आणि त्यांवरच्या तारखा एका वहीत उतरवाव्यात. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करते. वारसांनाही तिच्याकडे नोंद करता येते. मृत्यूचा दाखला आणि वारसपत्र लागेल, हे सांगायला नकोच. बँकेत काय, तिथे काय, कागदावाचून पैसा हलत नाही.