साखळीचा कुत्रा आणि कायद्याचे घड्याळ

कुत्रा साखळीला कसा व किती वेळ बांधावा, या प्रश्नावर एखाद्या राज्याच्या विधिमंडळात खडाजंगी व्हावी आणि संमत झालेले विधेयक गव्हर्नराने फेटाळावे, हे आपल्याकडे कोणी सांगितले तर थट्टाच वाटेल. अमेरिकेतील टेक्सास राज्यात जून 2021 मध्ये नेमके हेच घडले. गळपट्टा कसा असावा, दोर कुत्र्याच्या किती पट लांब असावा, हे शासनाने दंडाच्या धाकाने नागरिकाला सांगू नये, असा गव्हर्नर ग्रेग अॅबट यांच्या नकाराचा आशय होता. श्वानप्रेमी मतदार खवळले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात याच गव्हर्नरांनी सुधारित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि 18 जानेवारी 2022 पासून तो कायदा अमलात आला. त्याने लोखंडी साखळी बंद केली. दोर निदान 10 फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, यांपैकी जो अधिक तो हवा. शिवाय सावली, निवारा आणि पिण्याचे पाणी हवे. पूर्वीच्या कायद्यात मालकाला सुधारणेसाठी 24 तासांची मुदत द्यावी लागे, तीही गेली.

कॅलिफोर्नियाने हा विषय 2006 मध्येच हाताळला होता. 1 जानेवारी 2007 पासून तेथे कुत्र्याला झाडाला, कुंपणाला वा खुराड्याला बांधून ठेवण्यास मनाई झाली. तात्पुरत्या कामासाठी बांधायचे तर 24 तासांत 3 तासांपेक्षा अधिक नाही. तारेवर सरकणाऱ्या दोरीला मुभा आहे, मेंढपाळांना आणि शेतीच्या कामातील कुत्र्यांनाही सवलत आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याचे म्हणणे ऐकले होते. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण अशा कायद्यांना होणारा विरोध नेहमीच निर्दयतेतून होत नाही. ज्याच्या घराला कुंपण नाही त्याने काय करावे? बंगलेवाल्याचा कुत्रा आवारात हिंडतो आणि गरिबाचाच तेवढा गुन्हा ठरतो, या आक्षेपाला उत्तर द्यावेच लागते. शिवाय दंडाच्या भीतीने लोकांनी कुत्री रस्त्यावर सोडून दिली तर उपायच अपाय ठरायचा.

आपल्याकडे असा कायदा नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या आग्रहातून 1960 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम 11 मध्ये कोणताही प्राणी अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानला आहे. पुढच्याच पोटकलमात तर कुत्र्याचा नावानिशी उल्लेख येतो. सतत बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा मालक दोषी ठरतो. पण ‘अवाजवी’ म्हणजे किती तास, हे सांगायचे कोणी? आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये. आज एवढ्या पैशांत साखळीसुद्धा मिळत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘3 तास’ हा आकडा आहे, आपल्या कायद्यात विशेषण आहे. आकडा शेजाऱ्यालाही मोजता येतो, विशेषणाला न्यायालय लागते.

आता हा प्रश्न भूतदयेचा, त्याच्याशी डॉक्टरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या दारातूनच आत येतो. डेन्व्हर शहरात 1991 मध्ये चावलेल्या कुत्र्यांची न चावलेल्यांशी तुलना करणारा एक अभ्यास झाला. तो 1994 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा 178 जोड्यांच्या पाहणीत, चावणारे कुत्रे आवारात साखळीला बांधलेले असण्याचे प्रमाण न चावणाऱ्यांच्या मानाने सुमारे 2.8 पट भरले. साखळीने कुत्रा चावरा होतो की चावऱ्यालाच साखळी लागते, हे अशा अभ्यासातून ठरत नाही, हे आपणा मंडळींना सांगावयास नको. पण यंत्रणा समजण्यासारखी आहे. भ्यालेल्या प्राण्यापुढे पळणे किंवा उलटणे असे दोनच मार्ग असतात. साखळीने पहिला काढून घेतलेला असतो. दिवसभर त्याच चार हातांच्या वर्तुळात फिरणाऱ्या कुत्र्याच्या वर्तुळात चेंडू आणायला गेलेले मूल शिरले, की काय होते ते आपण टाके घालताना पाहतो.

आपल्या लोकजीवनात प्राणी बांधणे हे पाप नव्हे. दारची दावण ही समृद्धीची खूण. परंतु गाय सकाळी चरावयास सुटते, दावे तिचे रात्रीचे असते. धनगराचा कुत्रा कळपाबरोबर मोकळा हिंडतो. आठवड्याचे सातही दिवस फाटकाशी बांधलेला कुत्रा ही जुनी चाल नव्हे, ती बंगल्याबरोबर आलेली आहे. सत्तरी-सांग्याकडच्या कुळागरांत राखणीसाठी रात्री कुत्रा बांधतात. तेथे बिबट्या आला तर राखणदाराला पळण्याचीही सोय उरत नाही.

गोमंतकापुरते बोलायचे तर आपण रेबीजच्या बाबतीत थोडा अभिमान बाळगावा अशी कामगिरी झाली आहे. घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचण्याच्या मोहिमेनंतर कुत्र्यांमधील रेबीज 92 टक्क्यांनी घटला, हे 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले, त्याआधी 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले होते. हे यश टिकवायचे तर साखळीचा कुत्रा विसरून चालणार नाही. “आमचा बाहेर जातच नाही, मग लस कशाला?” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले असेल. तो बाहेर जात नाही हे खरे, पण पिसाळलेला प्राणी आत येऊ शकतो आणि बांधलेल्याला त्याच्यापासून सुटका नसते. पुढे तोच कुत्रा घरातल्या कुणाला चावला की “घरचाच आहे” म्हणून जखम हळदीवर भागवली जाते आणि 0, 3, 7 आणि 28 या दिवसांचे वेळापत्रक सुरूच होत नाही.

भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये आधी एक आणि नंतर सुधारित असे दोन आदेश दिले. सारा वाद रस्त्यावरच्या कुत्र्याभोवती फिरला. फाटकातला कुत्रा त्यात कुणाला दिसला नाही. उलट भीतीपोटी अधिक कुत्री बांधली जातील, असे मला वाटते.

तेव्हा पालिकांनी आणि पंचायतींनी उपविधी करावा. त्यात बांधण्याचे तास आकड्यात असावेत, दोराची लांबी फुटांत असावी आणि ज्याला कुंपण नाही त्याला सरकत्या दोरीची मुभा असावी. वार्षिक लसीकरणाचा दाखला मात्र सर्वांना सक्तीचा. दंडाच्या आधी एकदा समज द्यावी. टेक्सासने काढून टाकलेली मुदत आपल्याकडे निदान पहिल्या वर्षी हवी, नाहीतर कुत्री रस्त्यावर येतील. आणि पुरावा आपण जमवावा. श्वानदंशाच्या नोंदवहीत प्राणी पाळीव की भटका एवढेच आपण लिहितो. त्यापुढे आणखी दोन रकाने आखावेत: चावला तेव्हा बांधलेला होता काय, आणि रोज किती तास बांधलेला असतो. वर्षभराच्या या नोंदी घेऊन आपल्या संस्थेने पालिकेकडे जावे.