चरबी आणि वेल



कुणी मिजास दाखवू लागला की आपण म्हणतो, ‘अंगात चरबी आली आहे.’ चरबी म्हणजे नको असलेली गोष्ट, असं आपण धरून चालतो. लेवीय पुस्तकाचा तिसरा अध्याय मात्र वेगळं सांगतो. शांत्यर्पणातली चरबी माणसाने खायची नाही, ती वेदीवर परमेश्वराला वाहायची. उत्तम भाग देवाचा, असा त्यामागचा भाव.

हे आठवायला एक कारण घडलं. भालकीकडच्या आमच्या एका ताईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. आपल्या भागातली माणसं अशा वेळी कलबुर्गी, बार्शी, सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठतात. ताई बऱ्या होऊन आल्या, पण गायनमंडळात उभ्या राहीनात. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून मागच्या बाकावर बसत. एकदा त्यांनी विचारलं, “गेलेला भाग पुन्हा तयार करता येतो म्हणतात, खरं का?” आम्ही पटकन बोलून गेलो, “ताई, देवाने जीव वाचवला, आता हा मोह कशाला?” त्या गप्प झाल्या. घरी आल्यावर आम्हाला आमचीच लाज वाटली, आणि आम्ही या विषयावर वाचायला बसलो.

स्तनाचा बराच भाग चरबीचाच असतो. पोटाची किंवा मांडीची चरबी सुईने काढून तिथे भरता येते, पण तिला वेळेवर रक्त मिळालं नाही तर शरीर तिचा काही भाग शोषून टाकतं. मेलबर्नच्या बर्नार्ड ओ’ब्रायन मायक्रोसर्जरी संस्थेत डॉ. वेन मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. चरबीचा लहानसा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीपासून न तोडता एका पोकळ, छिद्रं असलेल्या घुमटाखाली ठेवायचा आणि थांबायचं. आधी उंदरांवर, मग डुकरांवर हे करून पाहिलं. डुकरांमध्ये सुमारे 5 मिलीलिटरचा तुकडा 22 आठवड्यांत 50 मिलीलिटरच्या पुढे गेला. 2016 साली पाच स्त्रियांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकीच्या बाबतीत 210 मिलीलिटरची जागा भरून आली, इतरांत तेवढं यश आलं नाही. म्हणजे हा अजून प्रयोगच आहे, रोजचा उपचार नव्हे. कुणी ‘स्टेम सेलने हमखास’ म्हणून पैसे मागितले तर सावध राहावं. पण पाठीची किंवा पोटाची ऊती आणून, किंवा सिलिकॉन बसवून पुनर्रचना आजही होते. ताईंनी ते सर्जनला जरूर विचारावं.

जनावरांचं काय, असं कुणी विचारेल. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ अशा प्रयोगांना वाजवी मर्यादेत आणि माणसाच्या उपचारासाठी मुभा देतो, आणि प्राण्यांना विनाकारण यातना देणं मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही असंही बजावतो. दोन्ही गोष्टी एकत्र धराव्यात, असं आम्हाला वाटतं.

रक्ताशी नातं तोडू नये, ही गोष्ट आपल्या मातीलाही नवी नाही. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक मिळालं. ती कातडी जीव धरेपर्यंत कपाळापासून पूर्ण तोडली नव्हती. 1794 साली लंडनच्या एका मासिकाने ही हकिकत छापली.

आणि योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू तरी काय सांगतो? फांदी वेलात राहिली तरच फळ देते.

मग आमचं मत असं. आजाराने हिरावलेलं शरीर परत मागणं हा मोह नाही. शरीर देवाने दिलं आहे आणि पुत्राने ते स्वतः धारण केलं आहे. प्रभूने हात वाळलेल्या माणसाला ‘जीव आहे ना, मग पुरे’ असं सांगितलं नाही, त्याचा हात बरा केला. आणि शस्त्रक्रिया नको असेल त्या बहिणीलाही कुणी कमी लेखू नये. निर्णय तिचा.

त्या प्रयोगात ऊती वाढली ती दोन गोष्टींमुळे: वर कुणी दाबू नये अशी मोकळी जागा, आणि न तुटलेला रक्तपुरवठा. आपला धर्मग्राम आजारातून उठलेल्या माणसाला या दोन गोष्टी देतो का? आम्ही ताईंना जागा देण्याऐवजी उपदेश दिला होता.

गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला. गायनमंडळाचा विषय आम्ही काढला नाही, तो त्यांनी काढायचा.

हे प्रभो, आमच्या जिभेला आवर घाल आणि तुझ्या जखमी लेकरांना आमच्यात जागा मिळू दे. आमेन.