दुसऱ्या क्रमांकावरची कोरी ओळ

11 जून 1977 रोजी संपलेल्या आठवड्याची ब्रिटनमधल्या खपाच्या गाण्यांची यादी ही पॉप संगीताच्या इतिहासातली मला माहीत असलेली सर्वांत लाजिरवाणी यादी आहे. पहिल्या क्रमांकावर रॉड स्ट्यूअर्ट, दुसऱ्यावर सेक्स पिस्टल्स या चौघांच्या बँडचं 'गॉड सेव्ह द क्वीन'. काही दुकानांत हीच यादी भिंतीवर लागली तेव्हा दुसऱ्या क्रमांकापुढे काहीच नव्हतं. एक, मग कोरी जागा, मग तीन. ज्या गाण्याला तुमच्याच मोजणीने दुसरा क्रमांक दिला, त्याचं नाव लिहायला तुमचा हात धजत नाही, आणि तरी त्या कागदाला तुम्ही लोकांची पसंती म्हणता! जुन्या याद्या काढून 'तेव्हाच्या लोकांची आवड बघा' म्हणणाऱ्यांना मी आधी ही कोरी ओळ दाखवतो.

तो आठवडा साधा नव्हता. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला 25 वर्षं झाली होती आणि 7 जूनला देशभर सुट्टी होती. गल्लोगल्ली टेबलं मांडून जेवणावळी चालल्या होत्या, घरोघरी पताका होत्या. याच देशाने सहा महिन्यांपूर्वी, डिसेंबर 1976 मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 3.9 अब्ज डॉलरच्या कर्जाच्या अटी मान्य केल्या होत्या आणि बेकारांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला होता. शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हतं. त्यांना पताका धरायला सांगितलं जात होतं, आणि त्यांच्यातलेच चार जण म्हणत होते की आम्हाला भविष्यच नाही. गाण्याचं आधीचं नावही तेच होतं, 'नो फ्यूचर'.

या गाण्याला नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांनी ते नीट ऐकलेलंच नाही. निर्माता ख्रिस थॉमस हा मुरलेला माणूस. त्याने स्टीव्ह जोन्सची गिटार थरावर थर चढवून इतकी भरीव केली की ती भिंतीसारखी अंगावर येते. सिड व्हिशसला बास वाजवता येत नव्हता, म्हणून बासही जोन्सनेच वाजवला. पॉल कुकचा ड्रम एका मात्रेनेही ढळत नाही. आणि वर जॉनी रॉटनचा आवाज. तो 'र' असा घोळवतो, शब्दाचं शेवटचं अक्षर असं ओढतो की प्रत्येक ओळ कुणाच्या तरी तोंडावर फेकल्यासारखी वाटते. त्या आवाजात थट्टा आहेच, पण थट्टेखाली दुखावलेपण आहे. आपल्या माणसांना फसवलं जातंय हे पाहणाऱ्याचा तो संताप आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये निघालेल्या तबकड्यांत इतकं जिवंत दुसरं काही मी ऐकलेलं नाही.

आता पहिला क्रमांक पाहा. स्ट्यूअर्टच्या तबकडीच्या एका बाजूला 'आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट', दुसऱ्या बाजूला 'द फर्स्ट कट इज द डीपेस्ट'. पहिलं 1975 च्या अल्बममधलं, दुसरं 1976 च्या. म्हणजे लोकांनी आधीच विकत घेतलेला माल नव्या वेष्टणात पुन्हा बाजारात आला होता. यातलं एकही गाणं स्ट्यूअर्टचं नाही. एक 1972 मध्ये वारलेल्या डॅनी व्हिटनचं, दुसरं कॅट स्टीव्हन्सचं. दोन्ही चांगली आहेत आणि स्ट्यूअर्टने ती मन लावून गायली आहेत. तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार अशी की जून 1977 च्या ब्रिटनबद्दल या तबकडीत एक अक्षर नाही, आणि नेमकी म्हणूनच ती त्या आठवड्यात सगळ्यांना सोयीची होती. यादीतल्या बाकी गाण्यांवर फार शब्द खर्च करायला नकोत. केनी रॉजर्सचं 'ल्युसिल' वर चढत होतं, पुढच्याच आठवड्यात ते पहिलं आलं. त्या दिवसांत मार्विन गेचं 'गॉट टू गिव्ह इट अप'ही तिथे गाजत होतं. ते मला मनापासून आवडतं, पण ते पार्टीचं गाणं आहे.

ही यादी व्हायची कशी, हे कळल्याशिवाय माझा राग कळणार नाही. 1969 पासून हे काम ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरो करत होता. देशभरातली सुमारे तीनशे दुकानं निवडलेली. प्रत्येक दुकानात एक डायरी. तबकडी विकली की काउंटरवरच्या मुलाने तिचा क्रमांक हाताने डायरीत लिहायचा आणि आठवडा संपला की डायरी टपालात टाकायची. मंगळवारी बीबीसीच्या रेडिओ वनवर यादी जाहीर व्हायची, गुरुवारी दूरचित्रवाणीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'. एवढ्या मोठ्या धंद्याचा सगळा डोलारा त्या डायरीवर आणि ती लिहिणाऱ्या मुलाच्या इमानदारीवर उभा होता. संगीत कंपन्यांची माणसं अशा दुकानांत फुकट तबकड्या आणि भेटवस्तू देऊन खोट्या नोंदी कशा करून घेतात, हे 1980 मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या 'वर्ल्ड इन ॲक्शन'ने चव्हाट्यावर आणलं. संगणकावरची नोंद गॅलपकडे काम गेल्यावर 1983 मध्ये सुरू झाली.

त्या जूनमध्ये व्हर्जिनसारख्या, संगीत कंपन्यांच्या मालकीच्या दुकानांतली विक्री मुद्दाम मोजणीतून वगळली, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन तर छातीठोकपणे सांगायचा की आमची तबकडी स्ट्यूअर्टच्या दुप्पट खपत होती. मॅक्लॅरन हा वाद पिकवून त्यावर पैसा करणारा माणूस, त्याच्या शब्दावर मी काहीच उभं करणार नाही. हा आरोप पूर्ण बाजूला ठेवा. कारकुनी करणारा प्रत्येक माणूस हरिश्चंद्राचा अवतार होता असं धरा. तरीही ही यादी खोटीच ठरते. कारण डब्ल्यू. एच. स्मिथ, वूलवर्थ्स आणि बूट्स या देशभर पसरलेल्या साखळ्यांनी तबकडी विकायलाच नकार दिला होता. बीबीसीने ती वाजवायची नाही असं ठरवलं. खासगी रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानेही दार लावून घेतलं. जी तबकडी दुकानात ठेवलीच नाही, तिच्यापुढे डायरीत काय लिहिलं जाणार? आधी विकू द्यायची नाही, मग खप कमी आला म्हणून दुसरी ठरवायची. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाची स्वतःची मोजणी वेगळी होती. तिच्यात हेच गाणं पहिलं आलं.

आपल्याकडे याच्या आदल्याच वर्षी काय झालं ते आठवा. मे 1976 मध्ये किशोर कुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली, कारण सरकारच्या जाहिरातबाजीसाठी गायला तो तयार नव्हता. पण तिथे निदान बोट दाखवायला माणूस होता. विद्याचरण शुक्ल हे माहिती आणि प्रसारण मंत्री होते, आणीबाणीनंतर शहा आयोगासमोर त्यांच्या खात्याच्या कारभाराची चौकशी झाली. लंडनमध्ये कुठल्याच मंत्र्याने हुकूम काढला नाही, त्यामुळे जाब विचारायलाही कुणी उरलं नाही. दुकानदार म्हणाले, आमच्या गिऱ्हाइकांना आवडणार नाही. रेडिओ म्हणाला, अभिरुचीत बसत नाही. यादीवाले म्हणाले, आम्ही फक्त मोजतो. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. लोकशाही देशात मुस्कटदाबी बहुतेकदा अशीच होते, आणि तिच्याबद्दल मला हुकूमशहाच्या फतव्याइतकीच चीड आहे.

'त्या पोरांनी मुद्दामच डिवचलं होतं, मग काय अपेक्षा?' हा नेहमीचा युक्तिवाद. डिवचलं होतंच! 10 मार्चला बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल टाकून ए अँड एम कंपनीच्या करारावर सह्या केल्या. आठवड्याच्या आत कंपनीने करार मोडला आणि छापून तयार असलेल्या या गाण्याच्या सुमारे 25,000 तबकड्यांपैकी बहुतेक नष्ट केल्या. 27 मे रोजी व्हर्जिनने ती बाजारात आणली, वेष्टणावर राणीचं छायाचित्र आणि तिचे डोळे व तोंड अक्षरांच्या पट्ट्यांनी झाकलेलं. 7 जूनला थेम्स नदीत बोट काढून वाजवलं, तर पोलिसांनी बोट धक्क्याला लावायला लावली आणि मॅक्लॅरनसह अनेकांना पकडलं. 18 जूनला उत्तर लंडनमधल्या एका पबबाहेर जॉनी रॉटनवर हत्यारांनी हल्ला झाला, हाताला कायमची इजा झाली. डिवचणाऱ्याने टीका सोसावी, शिव्या खाव्यात, हे मला मान्य आहे. राजघराण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने हे गाणं भिकार आहे असं शंभरदा लिहावं, तोही त्याचा हक्क. पण मोजणाऱ्याचं काम मोजणं. त्याला राणीवर प्रेम आहे की राग, याच्याशी त्याच्या आकड्याचा संबंध येता कामा नये. ज्याला लिहिताना लाज वाटते त्याने डायरी दुसऱ्याच्या हातात द्यावी, ओळ कोरी सोडू नये.

हे सगळं अभिरुचीसाठी होतं, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर पुढचे काही महिने तपासा. चौदा जुलैला, म्हणजे सुट्टी संपून पाच आठवडे होताच, बीबीसीने त्याच चौघांचं 'प्रिटी व्हेकन्ट' हे गाणं 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये दाखवलं. माणसं तीच, आवाज तोच, केसही तसेच उभे. बदलली होती ती फक्त तारीख. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा अल्बम आला, त्यात 'गॉड सेव्ह द क्वीन' होतंच. मोठ्या दुकानांपैकी अनेकांनी पुन्हा तोंड फिरवलं, नॉटिंगहॅममध्ये तर वेष्टणावरच्या एका शब्दासाठी व्हर्जिनच्या दुकानाच्या व्यवस्थापकाला कोर्टात उभं केलं, आणि तो निर्दोष सुटला. तोवर नोव्हेंबरच्या अल्बमच्या यादीत, त्याच संस्थेच्या मोजणीत, ती तबकडी पहिल्या क्रमांकावर येऊन गेली होती.