विश्रांतीची सहल की खरेदीची वारी?

परदेशप्रवास ही मराठी मध्यमवर्गाची अपूर्वाई आता राहिलेली नाही. मालिका आणि गाणी यांनी नव्या पिढीवर मोहिनी घातल्यामुळे दक्षिण कोरियाचाही त्या यादीत समावेश झाला आहे. मात्र पर्यटनाच्या जाहिरातींतला कोरिया म्हणजे सोलच्या बाजारपेठा आणि प्रसाधनांची दुकाने! पाच दिवसांत दहा ठिकाणे उरकून, पिशव्यांचे ओझे वाहत परतणे याला विश्रांती म्हणायचे, तर दगदग कशाला म्हणायचे?

विश्रांतीच हवी असेल, तर कोरियाच्या ग्रामीण भागातले तीन-चार दिवस पुरेसे आहेत. सोलहून आगगाडीने साधारण दोन तासांत आंदोंग येते. तेथून बसने हाह्वे हे गाव. नाकदोंग नदीच्या वळणात वसलेल्या या गावी र्‍यू कुळ सुमारे 600 वर्षे नांदत आहे. कौलारू वाडे आणि गवताने शाकारलेली घरे तेथे आजही नांदती आहेत. 2010 साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा मान दिला. काही घरांत पाहुण्यांची राहण्याची सोय होते. जमिनीखालून ऊब देणारी जुनी रचना तेथे अनुभवता येते.

दुसरा मुक्काम डोंगरातल्या हेइन्सा या बौद्ध विहारात करावा. 13 व्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे 80 हजारांहून अधिक लाकडी ठसे तेथे जपलेले आहेत. 2002 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने कोरियातील विहारांनी मुक्कामी पाहुण्यांसाठी दारे उघडली. पहाटेची प्रार्थना, 108 नमस्कार, पानात कणही न टाकण्याची शिस्त आणि मांसच काय, कांदा-लसूणही वर्ज्य असलेले भोजन! भारतात उगम पावलेला धर्म तेथे परका वाटत नाही.

आधुनिक व्हायचे तर परंपरा टाकल्या पाहिजेत, असा उपदेश आपल्याकडील तथाकथित पुरोगामी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. कोरियाने तोही प्रयोग करून पाहिला. 1970 साली सुरू झालेल्या 'नवे गाव' चळवळीने रस्ते आणि समृद्धी आणली, पण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नावाखाली अनेक गावांतील ग्रामदेवतांची स्थाने उद्ध्वस्त झाली, गवती छपरेही गेली. पुढे त्याच राष्ट्राला जपणुकीचे मोल कळले. हाह्वेच्या मुखवटा-नृत्याला 1980 साली राष्ट्रीय वारशाचे संरक्षण मिळाले. जहाजे आणि संगणकाचे सुटे भाग जगाला विकणारा देश आपल्या ग्रामदेवतेपुढील नृत्यही अभिमानाने जपतो. तेथे प्रगती आणि स्वत्व यांचे वैर उरलेले नाही.

ज्या घरांत तिन्हीसांजेला शुभंकरोती होते, त्या घरांनी तरी हे ध्यानी घ्यावे. परक्या ग्रामदेवतेचे नृत्य कौतुकाने पाहणाऱ्या मुलांना स्वतःच्या कुलदैवताचे गाव ठाऊक नसेल, तर तो दोष मुलांचा नव्हे. कोरियाची सहल जरूर आखावी. पण तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या गावच्या जत्रेची तिथी दिनदर्शिकेत पाहून ठेवावी.