उचल, कोयता आणि वर्गातलं एक गणित



दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या वर्गात सगळी मुलं परत येतात. आमच्याकडे येत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की गावात ट्रक, ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. पत्र्याच्या पेट्या, पीठ-मीठ, शेळी, म्हातारी माणसं, लेकरं असं सगळं भरून गाव निघतं ऊसतोडीला. हजेरीपटावर मुलाचं नाव असतं, पण मूल कोल्हापूर-सांगलीकडच्या नाहीतर पार बेळगावच्या फडात असतं.

मागे एकदा सहावीच्या वर्गात मी फळ्यावर एक गणित दिलं. पुस्तकातलं नव्हतं, मुलांच्या घरातलंच होतं.

"एक जोडपं दिवसाला दोन टन ऊस तोडतं. टनाला ३६६ रुपये मिळतात. त्यांनी मुकादमाकडून १ लाख रुपये उचल घेतली आहे. ती किती दिवसांत फिटेल?"

मुलांनी पटापट केलं. दिवसाचे ७३२ रुपये. लाखाला भागलं की १३७ दिवस. मी शाबासकी द्यायला लागलो तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, गेल्या साली कारखाना शंभरच दिवस चालला."

वर्ग गप्प झाला. शंभर दिवसांचे झाले ७३,२०० रुपये. बाकी २६,८०० रुपये. तिनं वहीत उत्तर लिहिलं, खाली रेघ मारली आणि सहज सांगितलं, "ती पुढच्या साली फेडायची असती सर."

उदाहरण सुटलं होतं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. कारण मी त्यात कितीतरी गोष्टी घातल्याच नव्हत्या. आजारपणाचा खाडा, पावसानं बंद पडलेली तोड, फडात राहताना घ्यावी लागणारी आठवड्याची खर्ची. ती खर्चीही उचलीतच मिसळते. म्हणजे माणूस फेडता फेडता वाढवत असतो.

आता मजुरीचा दर बघा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांमध्ये बोलणी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ वर गेला. वाढ मोठी आहे, ती लढून मिळाली आहे आणि तिचं स्वागतच आहे. पण दोन टनांचे ७३२ रुपये दोन माणसांचे असतात, हे विसरू नका. माणशी ३६६ रुपये, तेही पहाटे अंधारात फडात उतरून, दिवसभर तोडून, मोळ्या बांधून आणि रात्री-अपरात्री गाडी आली की ती भरून द्यायची, एवढ्या कामाचे.

दुसरी गोष्ट 'कोयता' या शब्दाची. आपल्याला कोयता म्हणजे हत्यार वाटतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशोब त्याच्या नावावर चालतो. बाई तितकंच राबते, शिवाय चूल, पाणी, लेकरू तिच्याकडेच. पण कागदावर ती अर्धी जोडी, स्वतंत्र मजूर नव्हेच. खाडा परवडत नाही म्हणून तिनं शरीराचं काय करून घेतलं, ते २०१९ साली साऱ्या देशानं वाचलं. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं अनेक असतील. पण एका दिवसाच्या सुट्टीची भीती हे त्यातलं एक कारण आहे, हे आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारा.

तुम्ही म्हणाल, कायदे नाहीत का? आहेत ना. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं ही सक्तीचीच मजुरी आहे. मग अडतं कुठं? अडतं ते 'मालक कोण' या एका प्रश्नावर. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी पण कमिशनवर, मलाच पैसे बुडण्याची भीती. शेतकरी म्हणतो, माझा ऊस वेळेवर गेला म्हणजे झालं. ज्याला मालकच नाही, त्यानं रजा, विमा, फंड मागायचा कोणाकडे?

यावर काही जण म्हणतात, मजुरी वाढवली तर शेतकरी मरेल. हा आक्षेप खोटा नाही. उसाला एफआरपी मिळते, २०२४-२५ च्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. पण आपल्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच कापला जातो. म्हणजे मजुराला दोन पैसे जास्त द्यायचे तर ते शेतकऱ्याच्या ताटातून काढायचे. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभं करणारी ही रचनाच आधी बदलायला हवी. शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे न दिल्यास व्याज लागेल, असा नियम आहे. तोडणाऱ्याच्या घामाला मात्र असा कुठलाही नियम नाही.

"हे काम विखुरलेलं आहे, इथं काही करता येत नाही," असंही ऐकतो. मला ते पटत नाही, कारण महाराष्ट्रानंच हे करून दाखवलंय. हमालाचाही एक मालक नसतो. सकाळी या दुकानी, दुपारी त्या गोदामात. तरी १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी लढा उभारला, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळानं हमालाला पैसे द्यायचे आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना बघायचा. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला हे मिळू शकतं, तर डोक्यावर मोळी वाहणाऱ्याला का नाही? गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आहे, ते चांगलंच आहे. पण कल्याण वेगळं आणि हक्क वेगळा. नवरा आणि बायको दोघांची स्वतंत्र नोंद, दोघांच्या खात्यात मजुरी, उचलीचा लेखी हिशोब आणि मालक म्हणून कारखान्याचं नाव, एवढं तरी कायद्यानं व्हायला हवं.

आता आपण काय करायचं? आपण शिक्षक आहोत, कायदे करणारे नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. स्थलांतर होण्याआधीच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आणि यादी पूर्ण करा. गाड्या गेल्यावर केलेली यादी काय कामाची? जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या. कारखाना भागातल्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की फडातलं मूल दारात आलं तर दाखला मागू नका, आधी वर्गात बसवा. शिक्षण हक्क कायदाही तेच सांगतो. आणि पालकांनो, ग्रामसेवकाकडे नोंदणी करताना घरच्या बाईचं नाव वेगळं लावा, ओळखपत्र तिचंही घ्या.

मी आता पाचवीपासूनच्या मुलांना एक वही करायला लावतो. त्यात रोजचे टन, रोजची खर्ची, खाडा आणि उचलीतून वजा झालेली रक्कम लिहायची. ज्या घरात आई-बापाला लिहिता येत नाही, तिथं लेकरू लिहितं.

ती मुलगी त्या वर्षी होळीनंतर परत आली. वही मळलेली, कोपरे दुमडलेले, पण एकही दिवस सुटलेला नव्हता. तिच्या बापानं तीच वही पुढे करून मुकादमाला हिशोब विचारला म्हणे. मुकादमाच्या आणि तिच्या आकड्यांत फरक निघाला, बरीच झकाझकी झाली आणि शेवटी बाकी थोडी कमी झाली. पूर्ण फिटली नाही.

सहावीतल्या मुलीनं आपलं काम चोख केलं. उरलेली बाकी तुमच्या-माझ्या नावावर आहे.